पेला अर्धा कुणी ठेवला? दक्षिण आशियाच्या व्यापारावरचा एक अहवाल वाचताना

प्रादेशिक एकात्मता या विषयावरचा संशोधन आराखडा उघडला की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं. दक्षिण आशियातल्या देशांचा एकमेकांशी होणारा व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के आहे, आणि पूर्व आशियात हाच आकडा 50 टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच्यामागोमाग ‘न वापरलेली प्रचंड क्षमता’ येते, मग ‘परस्पर अविश्वास’, मग ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’, आणि लगेच संशोधनाची उद्दिष्टं.

ही मांडणी अलीकडे बऱ्याचदा एका ठिकाणाहून उचललेली असते. जागतिक बँकेने 2018 साली प्रसिद्ध केलेला, संजय कथुरिया यांनी संपादित केलेला ‘अ ग्लास हाफ फुल’ हा अहवाल. नावातच अर्धा भरलेला पेला आहे. दक्षिण आशियातल्या व्यापाराला काय अडवतं आणि ते दूर केलं तर काय मिळेल, हा त्याचा विषय. या विषयावर संशोधन करू पाहणाऱ्याने तो वाचायलाच हवा. पण कसा वाचायचा, यावर थोडं बोलू या. माझं म्हणणं थोडक्यात असं: पेला किती रिकामा आहे हे अहवाल मेहनतीने मोजतो, पण तो रिकामा राहण्यात कुणाचा फायदा आहे हा प्रश्न जवळ आला की तो ‘अविश्वास’ असं म्हणून पुढे निघून जातो. राजकीय अर्थशास्त्र सुरू होतं ते नेमकं तिथून.

आधी श्रेय

या अहवालाने काही गोष्टी खरोखर चांगल्या दाखवल्या आहेत. पहिली म्हणजे पॅरा-टॅरिफ. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, 1 जानेवारी 2006 पासून लागू आहे. कागदावर सीमाशुल्क उतरलं. पण बांगलादेशात नियामक शुल्क आणि पूरक शुल्क, श्रीलंकेत उपकर आणि बंदर-विमानतळ विकास आकारणी, अशा नावांनी आयातीवर दुसरे कर बसतात आणि साफ्टाच्या कपातीत ते धरलेलेच नाहीत. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. शिवाय प्रत्येक देशाची ‘संवेदनशील यादी’ आहे, त्या वस्तूंना सवलत नाही. या क्षेत्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक व्यापाराला अशा याद्या लागू होतात, असं अहवाल सांगतो. नुसता कराराचा मसुदा वाचून ‘मुक्त व्यापार झाला’ असं लिहिणाऱ्यांसाठी हा भाग फार उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सीमेवरच्या हाटांचा अभ्यास. भारत-बांगलादेश सीमेवर मेघालयातल्या कालाईचार इथे 2011 मध्ये असा पहिला हाट सुरू झाला. दोन्हीकडच्या गावांतले लोक ठरलेल्या दिवशी येतात, स्थानिक माल विकतात आणि मर्यादित रकमेची खरेदी करतात. सीमाशुल्क नाही. उलाढाल लहान, पण माणसं एकमेकांना ओळखू लागतात. विश्वासाने व्यापार वाढतो आणि व्यापाराने विश्वास, असं अहवालाचं म्हणणं आहे. त्याकडे नंतर वळू. आधी दोन आकडे.

पहिला आकडा: 5 टक्के

हा आकडा चुकीचा नाही. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष सैल आहे. दक्षिण आशियाच्या एकूण उत्पन्नात सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश वाटा एकट्या भारताचा आहे. म्हणजे या क्षेत्राचा व्यापार हा मुख्यतः भारताचा व्यापार, आणि भारत स्वतःशी ‘प्रादेशिक व्यापार’ करू शकत नाही. नागपूरहून कोलकात्याला गेलेला माल मोजला जात नाही, ढाक्याला गेलेला मोजला जातो. उरलेले सगळे देश एकत्र केले तरी जगाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा एका टक्क्याच्या आसपास. भारताच्या परदेश व्यापारात या शेजाऱ्यांचा वाटा साधारण दोन ते चार टक्क्यांच्या घरात राहिला आहे. शेजाऱ्यांच्या आकाराच्या मानाने बघितलं तर हे अगदीच शून्य नाही.

पूर्व आशियात चीन, जपान, दक्षिण कोरिया अशा अनेक मोठ्या अर्थव्यवस्था एकमेकींना खेटून आहेत. तिथे अंतर्गत व्यापाराचा वाटा मोठा येणं हे काही अंशी भूगोलाचं गणित आहे. तेव्हा 5 आणि 50 शेजारी ठेवून ‘बघा किती मागे आहोत’ म्हणणं म्हणजे एक कर्ता आणि सहा-सात लहान भावंडं असलेल्या घराची तुलना सहा कमावत्या भावांच्या घराशी करण्यासारखं आहे.

सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. नेपाळचा साठ टक्क्यांहून अधिक परदेश व्यापार भारताशी चालतो आणि भूतानचा त्याहूनही जास्त. या देशांची तक्रार शेजाऱ्याशी व्यापार कमी असल्याची नाही, एकाच शेजाऱ्यावर सगळी भिस्त असल्याची आहे. ‘क्षेत्रात एकात्मता कमी’ हे एकच निदान पाकिस्तान आणि नेपाळ दोघांना लावलं, तर ते दोघांनाही लागू पडत नाही.

याचा अर्थ अडथळे नाहीतच, असा नाही. जवळ असूनही इतकं महाग का पडतं, हा प्रश्न खराच आहे. पाकिस्तानपेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं भारताला सुमारे 20 टक्क्यांनी स्वस्त पडतं, हे अहवालातलं उदाहरण प्रसिद्ध आहे आणि माझ्या मते 5 टक्क्यांपेक्षा जास्त बोलकं आहे. मोजमाप खर्चाचं करावं, वाट्याचं करताना छेद तपासावा.

दुसरा आकडा: 67 अब्ज डॉलर

अहवाल म्हणतो, या देशांमधला मालाचा व्यापार 23 अब्ज डॉलरचा आहे, तो किमान 67 अब्ज व्हायला हवा. हा आकडा येतो ग्रॅव्हिटी मॉडेलमधून. यान टिनबर्गन यांनी 1962 मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे: दोन अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका त्यांच्यातला व्यापार जास्त, अंतर जितकं अधिक तितका कमी. जगातल्या देशांच्या जोड्यांवरून हे नातं काढायचं, मग एखाद्या जोडीचा अपेक्षित व्यापार किती ते बघायचं. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतली तफावत म्हणजे ‘क्षमता’.

आता त्याच अहवालातला दुसरा आकडा घ्या. भारत-पाकिस्तान व्यापार 2 अब्जांच्या थोडा वर आहे, तो 37 अब्ज होऊ शकतो. करा वजाबाकी. सगळ्या क्षेत्राची तफावत 44 अब्ज, त्यातली सुमारे 35 अब्ज एकाच जोडीची. म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के! दक्षिण आशियाचा म्हणून सांगितला जाणारा प्रश्न आकड्यांत बघितला तर बहुतांशी भारत-पाकिस्तानचा प्रश्न आहे. आणि हाट, विमानसेवा, सीमाशुल्क सुधारणा असे जे उपाय अहवाल तपशिलाने मांडतो, त्यांचे चांगले दाखले बहुतेक इतर जोड्यांमधले आहेत. मथळ्यातली तफावत एकीकडची, औषध दुसरीकडचं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण एकाचं वजन दुसऱ्याला देता येत नाही.

प्रबंध लिहिताना ‘67 अब्ज’ उद्धृत करणार असाल तर ही वजाबाकी आधी करा. मार्गदर्शक किंवा परीक्षक विचारायच्या आत.

तफावतीला नाव दिलं की खुलासा होतो का?

मॉडेलमध्ये जे चल घातलेत त्यांनी जो भाग समजावला नाही, तो भाग म्हणजे रेसिड्युअल, मराठीत शेष. त्यात काय काय असू शकतं? युद्धाची भीती, बंदरावरची दिरंगाई, लपवलेले कर, चोरटा व्यापार, दुबईमार्गे फिरून आलेला आणि म्हणून तिसऱ्याच देशाच्या खात्यात नोंदलेला माल. अहवाल कर, करेतर अडथळे आणि दळणवळण यांचा हिशेब वेगळा मांडतो हे चांगलंच. पण या सगळ्यावर छत्रीसारखा ‘विश्वासाचा अभाव’ धरलेला आहे. अविश्वास असल्यामुळे अडथळे, अडथळ्यांमुळे कमी व्यापार, कमी व्यापारामुळे अविश्वास. वर्तुळ पूर्ण झालं, आणि वर्तुळात कुणी माणूस दिसला नाही.

तो माणूस शोधायचा कसा, ते दोन उदाहरणांनी बघू.

एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या बंदरांमधून भारतीय सुताची आयात थांबवली. ऑगस्ट 2024 च्या सत्तांतरानंतर दोन देशांचे संबंध बिघडलेलेच होते, त्यामुळे बातम्यांमध्ये याचा अर्थ ‘तणाव’ असा लागला. पण ही मागणी तिथल्या सूतगिरणी मालकांच्या संघटनेने आधीपासून लावून धरली होती. भारतातून ट्रकने येणारं स्वस्त सूत त्यांना नको होतं. उलट, त्याच सुतावर टी-शर्ट विणून युरोपला पाठवणाऱ्या निटवेअर कारखानदारांनी बंदीला विरोध केला, कारण लहान कारखान्यांना थोडं थोडं सूत पटकन मिळण्याची सोय जमिनीच्या मार्गात होती. म्हणजे ‘बांगलादेशचा भारतावर अविश्वास’ या वाक्यात दोन बांगलादेश आहेत. एकाला बंद सीमा हवी, दुसऱ्याला उघडी. बिघडलेल्या संबंधांमुळे पहिल्याचं पारडं जड झालं. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीच्या बंदरांतून मनाई केली, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा ही समुद्री बंदरं ठेवली. पेट्रापोलहून काही तासांत येणारा शर्ट समुद्राला वळसा घालून मुंबईजवळ उतरवायचा! इथल्या कापड उद्योगातल्या संघटनांनी त्याचं स्वागत केलं, यात नवल नाही.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, कांद्याचं. 29 सप्टेंबर 2019 ला भारताने कांदा निर्यातीवर बंदी घातली, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. ऑक्टोबर 2019 मध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगावं लागलं, अशी तक्रार त्यांनी हसत हसत केली. त्या वेळी दोन्ही सरकारांचे संबंध उत्तम होते. अविश्वासाचा तिथे काय संबंध? बंदीचं कारण होतं देशातल्या शहरी ग्राहकाची महागाई आणि तिची निवडणुकीत मोजावी लागणारी किंमत. त्यासाठी ढाक्यातल्या गिऱ्हाइकाने आणि लासलगावच्या शेतकऱ्याने पैसे मोजले. गंमत म्हणजे बांगलादेशही तेच करतो, फक्त उलट्या बाजूने. तिथला कांदा निघाला की आयात परवाने थांबवतो, कारण तिथेही शेतकरी आहे. एकीकडे टंचाईत ग्राहक जिंकतो, दुसरीकडे सुगीत शेतकरी. मधल्या व्यापाऱ्याला आणि लासलगावच्या लिलावाला पुढच्या महिन्याचा भरवसा नाही. हे सगळं मॉडेलच्या शेषात एकच ठिपका म्हणून बसतं.

अशा भांडणाची हत्यारं अभ्यासकांनी आपल्याला आधीच दिलेली आहेत. जेकब वायनर यांनी 1950 मध्ये व्यापारनिर्मिती आणि व्यापारवळण यांतला फरक दाखवला: करारामुळे स्वस्त उत्पादकाकडे वळलो की महागड्या सदस्याकडे, हे आधी विचारा. मॅन्कर ऑल्सन यांनी 1965 मध्ये सांगितलं की थोडे लोक ज्यांचं नुकसान मोठं असतं ते संघटित होतात, अनेक लोक ज्यांचा फायदा थोडा थोडा असतो ते होत नाहीत. सूतगिरण्यांची संघटना असते, टी-शर्ट शिवणाऱ्या बायकांची त्या मानाने नसते. ग्रॉसमन आणि हेल्पमन यांनी 1995 मध्ये मांडलं की ज्यांना झळ बसेल ती क्षेत्रं वगळली की मुक्त व्यापार करार राजकीयदृष्ट्या शक्य होतो. साफ्टाच्या संवेदनशील याद्या याच सूत्राने वाचा. त्या कराराला लागलेली कीड नाहीत, करार होण्याची ती अट होती.

अडथळा स्वतःचे राखणदार तयार करतो

फाळणीनंतर लगेचच्या काळात पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारताकडे येत होती. इतिहास ताजा होता, जखमा ताज्या होत्या, अविश्वास आजच्यापेक्षा कमी नव्हता. तरी व्यापार चालू होता. सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, विनिमय दरावरून वाद झाला आणि ताग अडकला. पूर्व बंगालचा ताग, कोलकात्याच्या गिरण्या, मध्ये सीमा. मग भारताने स्वतःकडे तागाची लागवड वाढवली आणि पूर्व पाकिस्तानात स्वतःच्या गिरण्या उभ्या राहिल्या. नारायणगंजची आदमजी गिरणी 1951 मध्ये सुरू झाली. भांडण मिटलं असतं तरी आता दोन्हीकडे बंद सीमेवर पोसलेली शेती आणि गिरण्या होत्या. ‘अविश्वासामुळे व्यापार कमी’ ही दिशा धरणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

अविश्वासाला भौतिक पायाही असतो. सप्टेंबर 2015 पासून काही महिने नेपाळच्या सीमेवर माल अडला आणि काठमांडूत इंधन आणि गॅस मिळेनासा झाला. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला. आल्बर्ट हिर्शमन यांनी 1945 मध्येच सांगितलं होतं की असमान देशांतला व्यापार मोठ्याच्या हातात दबावाचं साधन देतो. नेपाळचा संशय हा गैरसमज नव्हे, तो हिशेब आहे. हाटात चहा पिऊन तो जाणार नाही. वाल्टर मॅटली यांनी 1999 च्या पुस्तकात म्हटल्याप्रमाणे एकात्मता टिकायला असा एक बडा सदस्य लागतो जो इतरांच्या तोट्याची भरपाई करायला तयार असतो. भारताने 2011 मध्ये सार्कमधल्या अल्पविकसित देशांसाठी संवेदनशील यादी 25 वस्तूंवर आणली, ती अशी भरपाई होती. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने 2016 मध्ये बीबीआयएन मोटार वाहन कराराला मान्यता नाकारली, तेव्हा पर्यावरणाबरोबर स्वतःच्या ट्रकवाल्यांची चिंता होती. त्या ट्रकवाल्यांना भरपाई काय, हा प्रश्न कुणी गांभीर्याने घेतला नाही.

अहवालाच्या बाजूनेही

एक आक्षेप रास्त आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामानंतर भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. यात कुठली गिरणी आणि कुठली लॉबी? बरोबर. काही निर्णय सुरक्षेचेच असतात आणि प्रत्येक अडथळ्यामागे व्यापारी शोधणं हाही आळसच. पण सुरुवातीचा धक्का सुरक्षेचा असला तरी तो किती वर्षं टिकतो, हे त्या काळात कोण तग धरतं आणि कोण बुडतं यावर ठरतं. दुसरं असं, की सदस्य सरकारांच्या पैशावर चालणाऱ्या बँकेने ‘अमुक देशातल्या अमुक उद्योगासाठी ही शुल्कं आहेत’ असं नाव घेऊन लिहावं, ही अपेक्षा जास्तच आहे. ‘अविश्वास’ हा शब्द सोयीचा आहे कारण तो कुणालाच दोष देत नाही. बँकेची ती अडचण आहे. आपली नाही. विद्यापीठात बसून लिहिणाऱ्याला ही एक मोकळीक आहे, ती वापरायला हवी.

मग आराखडा कसा बदलायचा?

एक: क्षेत्र घेऊ नका, जोडी घ्या. जमलं तर एक वस्तू घ्या. सूत, कांदा, आलं, सिमेंट, काहीही.

दोन: अडथळ्याची तारीख काढा. भारतात परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना, बांगलादेशात राष्ट्रीय महसूल मंडळाचे आदेश. ज्या दिवशी अडथळा आला त्याच्या आधीची एक-दोन वर्षं बघा. संसदेतले प्रश्न, अर्थसंकल्पाआधी उद्योग संघटनांनी दिलेली निवेदनं, त्यांच्या पत्रकार परिषदा. मागणी कुणाची होती ते बहुतेक वेळा लिहिलेलं सापडतं.

तीन: थांबण्यावर कोण जगतं ते बघा. पेट्रापोलला माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. त्यात हमाल आहेत, पार्किंगवाले आहेत, क्लिअरिंग एजंट आहेत, स्थानिक ट्रकमालक आहेत. ट्रक थेट ढाक्याला गेला तर यांचं काय? ही माणसं खलनायक नाहीत, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. म्हणूनच नुसता करार करून भागत नाही.

चार: जे हरले आणि गप्प राहिले त्यांची नोंद ठेवा. निर्यातबंदीच्या काळात शेतकरी लिलाव बंद पाडतो म्हणून दिसतो. त्याच बंदीमुळे ढाक्यात एखादीने आठवडाभर अर्धा किलोऐवजी पाव किलो कांदा घेतला, ती दिसत नाही.

पाच: पर्यायी खुलाशाला संधी द्या. चांगले संबंध असताना आलेला अडथळा आणि वाईट संबंध असताना उठलेला अडथळा, अशी दोन्ही प्रकारची प्रकरणं शोधा. ‘अविश्वास’ हेच कारण असेल तर ही प्रकरणं सापडायला नकोत. सापडली, तर तुमच्या प्रबंधाचा प्रश्न तिथे आहे.

आता तुमच्या आराखड्याचं पहिलं पान काढा. 5 टक्क्यांचं वाक्य असेल तर राहू द्या, पण त्याच्यापुढे ‘परस्पर अविश्वासामुळे’ असं लिहिलेलं असेल तर ते शब्द खोडा. त्या जागी एका वस्तूचं नाव, एका सीमेचं नाव आणि ‘कुणाला हवं आहे?’ एवढं लिहा. पुढचे दोन महिने वाचायला पुरेल.